ट्रँगल कारखान्याची आग (१९११) आणि कामाच्या इमारतींतील अग्निसुरक्षेच्या विचाराची जडणघडण

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीने माणसाचे काम घराच्या ओसरीतून आणि गावाच्या उघड्या आवारातून उचलून बहुमजली इमारतीत नेले. एका छताखाली शेकडो माणसे, यंत्रे, तेल, कापूस, कापड आणि कागद एकत्र आले. साहजिकच आगीचे स्वरूपही बदलले. पूर्वी आग ही वस्तीवरची आपत्ती होती. आता ती कामाच्या वेळेत, कामाच्या जागी, कामगारांना गाठणारी आपत्ती झाली. अशा इमारतींचे आगीपासून रक्षण करण्यासाठी जे शास्त्र आणि जो कायदा निर्माण झाला, त्याचा इतिहास सर्वसाधारणपणे यंत्रांच्या शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रथम पाण्याची बादली, मग हातपंप, त्यानंतर स्वयंचलित जलफवारा आणि शेवटी धूरशोधक यंत्र असा हा क्रम असतो. तो चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. या क्रमात एक मूलभूत प्रश्न दडून राहतो. हे सारे संरक्षण नेमके कोणाचे होते? इमारतीचे आणि मालाचे, की त्या इमारतीत काम करणाऱ्या माणसांचे?

या प्रश्नाच्या दृष्टीने २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्क शहरातील ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीच्या कारखान्याला लागलेली आग निर्णायक ठरते. या आगीत १४६ कामगारांचा मृत्यू झाला. आग रोखण्याचे, ओळखण्याचे व विझवण्याचे बहुतेक उपाय त्या काळी ज्ञात होते. ते त्या इमारतीत का नव्हते आणि दुर्घटनेनंतर त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. एकोणिसाव्या शतकात कामाच्या इमारतींतील अग्निसुरक्षेचे तंत्र कोणत्या प्रेरणेतून विकसित झाले ते पाहणे.
२. ट्रँगल दुर्घटनेत प्रतिबंध, सूचना, शमन आणि सुटका या चारही पातळ्यांवर घडलेल्या अपयशाचे विश्लेषण करणे.
३. दुर्घटनेनंतरच्या कायद्यांचे स्वरूप स्पष्ट करून भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील, कायदेशीर तरतुदींशी त्याची तुलना करणे.

मालमत्तेच्या रक्षणातून जन्मलेले तंत्र

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील गिरण्यांची रचना लाकडी तुळया व लाकडी तक्तपोशीची असे. हवेत तरंगणारे तंतू, जमिनीवर झिरपलेले यंत्रांचे तेल आणि प्रकाशासाठी वापरले जाणारे दिवे व मेणबत्त्या यांमुळे एखादी ठिणगी संपूर्ण गिरणी भस्मसात करण्यास पुरेशी ठरत असे. या अनुभवातून १७९७ मध्ये श्रूजबरी येथील डिदरिंग्टन येथे चार्ल्स बेज याच्या आराखड्यानुसार लोखंडी सांगाड्याची पहिली गिरणी उभी राहिली. लोखंडी खांब, लोखंडी तुळया आणि विटांच्या कमानी यांचा वापर करून जळणारे लाकूड शक्य तेवढे वगळणे हा या रचनेचा हेतू होता. पुढील काळातील उंच लोखंडी व पोलादी इमारतींची ही गिरणी पूर्वज मानली जाते.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या मार्गाने हाताळला गेला. ऱ्होड आयलंडमधील गिरणीमालक झकरायाह ॲलन याने आपल्या गिरणीत आगीविरुद्ध बरीच दक्षता घेतली होती. तरीही विमा कंपन्या त्याच्या हप्त्यात सूट देण्यास तयार नव्हत्या. तेव्हा त्याने १८३५ मध्ये समविचारी गिरणीमालकांना एकत्र करून परस्पर विमा संस्था स्थापन केली. धोका कमी करणाऱ्या गिरणीलाच सभासदत्व, नियमित तपासणी आणि त्या बदल्यात कमी हप्ता, असे या व्यवस्थेचे सूत्र होते. सावकाश जळणाऱ्या जाड लाकडाची बांधणी, मजल्यामजल्यांना वेगळे करणारे बंदिस्त जिने आणि नंतरच्या काळात जलफवारे यांचा प्रसार प्रामुख्याने या विमा संस्थांच्या आग्रहामुळे झाला.

स्वयंचलित जलफवाऱ्याचा इतिहासही याच दिशेने जातो. १८५० च्या दशकात छिद्रे पाडलेल्या नळ्या छताखाली बसवण्याची पद्धत होती. परंतु त्यांत पाणी हाताने सोडावे लागे आणि मग सगळीकडेच पाणी पडून माल खराब होई. १८७४ मध्ये न्यू हेवन येथील पियानो कारखान्याचा मालक हेन्री पार्मली याने उष्णतेने आपोआप उघडणाऱ्या फवाऱ्याचे पेटंट घेतले. १८८१ मध्ये फ्रेडरिक ग्रिनेल याने त्यात महत्त्वाची सुधारणा केली. ठरावीक तापमानाला वितळणारा धातूचा जोड फवाऱ्याचे तोंड बंद ठेवतो. खाली आग लागली की तो जोड वितळतो आणि नेमक्या त्या जागीच पाणी सुटते, असे त्याचे तत्त्व आहे. शोध घेणे, सूचना देणे आणि विझवणे ही तिन्ही कामे एकाच छोट्या उपकरणात एकवटली. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेचा आरंभही या फवाऱ्यांच्या नळ्यांचे व जोडणीचे प्रमाणीकरण करण्याच्या गरजेतून झाला.

या सर्व प्रगतीमागील प्रेरणा आर्थिक होती. विमा इमारतीचा, यंत्रांचा व मालाचा असे. कामगाराच्या जिवाचे मूल्य या हिशेबात कोठेही नोंदले जात नव्हते. सुरक्षित गिरणीतील कामगारही अधिक सुरक्षित राहत असे, हे खरे. पण तो लाभ आनुषंगिक होता. जेथे आर्थिक गणित वेगळे होते, तेथे हा आनुषंगिक लाभही कामगाराला मिळाला नाही. न्यूयॉर्कचा तयार कपड्यांचा धंदा हे त्याचे ठळक उदाहरण होय.

ॲश इमारत: रचना आणि त्रुटी

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमधील कपडे शिवण्याचा धंदा जुन्या चाळवजा घरांतून नव्या उंच इमारतींत आला. वॉशिंग्टन प्लेस व ग्रीन स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावरील ॲश इमारत ही त्यांपैकीच एक. दहा मजल्यांची ही इमारत १९०१ मध्ये पूर्ण झाली आणि ती अग्निरोधक म्हणून ओळखली जात होती. तिच्या आठव्या, नवव्या व दहाव्या मजल्यांवर ट्रँगल कंपनीचा कारखाना होता. तेथे स्त्रियांचे शर्टवेस्ट, म्हणजे त्या काळात लोकप्रिय असलेले ब्लाउज, शिवले जात. सुमारे पाचशे कामगारांपैकी बहुसंख्य पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू आणि इटलीतून आलेल्या तरुण मुली होत्या.

इमारतीची उंची १३५ फूट होती. १५० फुटांहून अधिक उंचीच्या इमारतींना लाकडी जमिनी व लाकडी खिडक्या निषिद्ध होत्या. ही इमारत त्या मर्यादेच्या आत असल्याने तिला ती अट लागू झाली नाही. मजल्याच्या क्षेत्रफळानुसार तीन जिने अपेक्षित होते. प्रत्यक्षात दोनच बांधले गेले आणि मागील बाजूची लोखंडी आगशिडी हाच तिसरा जिना समजावा, असा युक्तिवाद वास्तुरचनाकाराने केला. दोन्ही जिन्यांची रुंदी अवघी ३३ इंच होती. जिन्यांचे दरवाजे आतील बाजूस उघडत, कारण बाहेरच्या बाजूस दरवाजा उघडण्याइतकी जागाच शिल्लक नव्हती. जलफवारे बसवण्याची सक्ती नव्हती आणि ते बसवलेही नव्हते.

या त्रुटींविषयी पूर्वसूचना मिळाली नव्हती असे नाही. १९०९ मध्ये कारखान्याची पाहणी करणाऱ्या एका विमा तज्ज्ञाने आगीच्या कवायती सुरू करण्याची शिफारस केली होती. त्यानुसार कवायतींचे काम करणाऱ्या अभियंत्याने कंपनीला पत्र पाठवले. त्याला उत्तर मिळाले नाही. त्याच वर्षी शर्टवेस्ट उद्योगातील हजारो कामगार मुलींनी मोठा संप केला. ट्रँगल कंपनीचे कामगार त्यात अग्रभागी होते. परंतु कंपनीने कामगार संघटनेला मान्यता दिली नाही. नोव्हेंबर १९१० मध्ये शेजारच्या न्यूअर्क शहरात एका कारखान्याच्या आगीत वीसहून अधिक कामगार स्त्रिया मृत्युमुखी पडल्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे प्रमुख एडवर्ड क्रोकर यांनी अशीच दुर्घटना आपल्या शहरातही घडू शकते, असा इशारा दिला होता.

न्यू इंग्लंडच्या सूतगिरण्यांत जलफवारे रुळले असताना न्यूयॉर्कच्या या कारखान्यांत ते का आले नाहीत? परस्पर विमा संस्थेत मालक स्वतःच विमा उतरवणारा असल्याने धोका घटवण्यात त्याचा स्वार्थ होता. न्यूयॉर्कमध्ये मात्र इमारतीचा मालक एक, कारखानदार भाडेकरू दुसरा आणि विमा मिळवून देणारा दलाल तिसरा. दलालाचे उत्पन्न हप्त्याच्या रकमेवर अवलंबून असल्याने धोका व हप्ता कमी करण्यात त्याला स्वारस्य नव्हते. ज्ञान उपलब्ध असूनही त्याची जबाबदारी कोणावरच निश्चित नव्हती.

२५ मार्च १९११

तो शनिवार होता. दुपारी पावणेपाचच्या सुमारास, काम सुटण्याच्या बेतात, आठव्या मजल्यावरील कापड बेतण्याच्या टेबलाखालच्या पेटीत आग लागली. या पेट्यांत कापडाच्या चिंध्या व कातरण साठवले जाई आणि ते कित्येक आठवडे उचलले गेले नव्हते. टेबलांवर तारेला पातळ कागदाचे नमुने टांगलेले होते. कारखान्यात धूम्रपानास मनाई असली तरी ती पाळली जात नव्हती. विझवता न आलेली आगकाडी किंवा सिगारेट हेच आगीचे संभाव्य कारण मानले गेले. प्रतिबंधाच्या पातळीवरचे अपयश असे अगदी साधे होते. कचरा वेळेवर उचलला असता आणि झाकणाच्या धातूच्या पेट्या वापरल्या असत्या, तर ठिणगीला खाद्य मिळाले नसते.

आठव्या मजल्यावरील कामगारांनी बादल्यांनी पाणी ओतले, पण आग आटोक्यात आली नाही. जिन्यातील पाण्याच्या नळीचा प्रयोग करून पाहिला. तिच्यातून पाणी आले नाही. तेथून दहाव्या मजल्यावरील कार्यालयाला दूरध्वनीने कळवण्यात आले. दहाव्या मजल्यावरील जवळजवळ सर्व जण गच्चीवर गेले आणि शेजारच्या विद्यापीठाच्या इमारतीतील विद्यार्थ्यांनी लावलेल्या शिड्यांवरून बचावले. मधल्या नवव्या मजल्यावर मात्र कोणतीही सूचना पोहोचली नाही. आठव्या मजल्यावरून तेथे बोलायचे तर ते दहाव्या मजल्यावरील दूरध्वनी केंद्रातूनच बोलावे लागे आणि तेथील सर्वांची पळापळ सुरू झाली होती. इमारतीत धोक्याची घंटा नव्हती. नवव्या मजल्यावरील सुमारे अडीचशे कामगारांना आगीची बातमी आगीनेच दिली.

तेथून बाहेर पडण्याचे चार मार्ग होते. ग्रीन स्ट्रीटच्या बाजूचा जिना काही मिनिटांतच ज्वाळांनी वेढला गेला. वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूचा जिना आगीपासून दूर होता. परंतु त्याच्या दरवाजाला कुलूप होते. काम सुटताना प्रत्येक मुलीला एकाच दरवाजाने बाहेर काढून तिची पिशवी तपासता यावी, माल चोरीस जाऊ नये, हे त्या कुलपाचे कारण होते. मागील लोखंडी आगशिडी भार न सोसून कोसळली आणि तिच्यावरील सुमारे वीस जण खाली पडून मरण पावले. लिफ्टचालक जोसेफ झिटो आणि गॅस्पर मॉर्टिलालो यांनी आगीतून अनेक फेऱ्या करून मोठ्या संख्येने कामगारांना खाली आणले. अखेर उष्णतेने रूळ वाकले आणि पाळण्यावर पडणाऱ्या देहांच्या भाराने त्या फेऱ्या थांबल्या. अग्निशमन दल त्वरेने आले. पण त्याच्या शिड्या सहाव्या मजल्याच्या वर पोहोचत नव्हत्या. खाली धरलेल्या जाळ्या उंचावरून पडणाऱ्या देहांच्या आघाताने फाटल्या.

सुमारे अर्ध्या तासात सारे संपले. मृत १४६ पैकी १२३ स्त्रिया व मुली आणि २३ पुरुष होते. सर्वांत लहान मुली चौदा वर्षांच्या होत्या. काहींची ओळख पटली नाही. त्यांपैकी शेवटच्या सहा जणांची नावे संशोधनातून निश्चित होण्यास २०११ साल उजाडावे लागले. इमारत मात्र उभी राहिली. तिच्या भिंती, खांब व सांगाडा शाबूत होता. अग्निरोधक हे विशेषण तिने अक्षरशः खरे करून दाखवले. ती आजही उभी असून न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वापरात आहे. इमारत वाचणे आणि माणसे वाचणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे सत्य त्या दिवशी जगासमोर आले.

न्यायालय, आयोग आणि कायदा

कंपनीचे मालक मॅक्स ब्लँक व आयझॅक हॅरिस यांच्यावर मनुष्यवधाचा खटला भरण्यात आला. आगीच्या क्षणी दरवाजाला कुलूप होते आणि हे मालकांना त्या वेळी माहीत होते, हे दोन्ही निःसंशय सिद्ध होणे आवश्यक होते. डिसेंबर १९११ मध्ये ज्यूरीने दोघांना निर्दोष सोडले. मालकांना विम्याची रक्कम मिळाली. दिवाणी दावे लावणाऱ्या कुटुंबांना १९१४ मध्ये प्रत्येक मृतामागे ७५ डॉलर मिळाले. १९१३ मध्ये ब्लँक यांच्या कारखान्यात कामाच्या वेळी दरवाजा पुन्हा कुलूपबंद आढळला, तेव्हा त्यांना झालेला दंड होता २० डॉलर. फौजदारी न्यायाच्या मार्गाने या प्रश्नाची सोडवणूक होणार नाही, हे यावरून स्पष्ट होते.

खरे परिवर्तन दुसऱ्या मार्गाने घडले. जून १९११ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कारखाना चौकशी आयोग नेमला. रॉबर्ट वॅग्नर त्याचे अध्यक्ष व आल्फ्रेड स्मिथ उपाध्यक्ष होते. कामगार चळवळीतील सॅम्युअल गॉम्पर्स आणि मेरी ड्रायर यांचाही त्यात समावेश होता. आग प्रत्यक्ष पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स यांनी आयोगाच्या तपासकार्यात महत्त्वाचा वाटा उचलला. आयोगाने राज्यभर कारखाने पाहिले, कामगार, मालक, निरीक्षक व तज्ज्ञ यांच्या साक्षी घेतल्या आणि लोकप्रतिनिधींना प्रत्यक्ष जागेवर नेले. पुढील काही वर्षांत तीसहून अधिक कायदे संमत झाले. कामाच्या वेळी दरवाजे कुलूपबंद ठेवण्यास मनाई, बाहेर उघडणारे दरवाजे, ज्वलनशील कचऱ्याची विल्हेवाट, कारखान्यात धूम्रपानबंदी, आगीच्या सक्तीच्या कवायती, उंच कारखान्यांत जलफवारे आणि मजल्यावरील माणसांच्या संख्येला मर्यादा या विषयांचा त्यांत अंतर्भाव होता. पर्किन्स पुढे १९३३ मध्ये अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या. मंत्रिमंडळातील त्या पहिल्या स्त्री होत.

तांत्रिक क्षेत्रातही दृष्टिकोन पालटला. राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने १९१३ मध्ये जीवसुरक्षेसाठी स्वतंत्र समिती नेमली. या समितीच्या कामातून १९२७ मध्ये इमारतींतून बाहेर पडण्याच्या मार्गांविषयीची संहिता प्रसिद्ध झाली आणि कालांतराने तिचेच रूपांतर जीवसुरक्षा संहितेत झाले. एका मजल्यावर किती माणसे आहेत, त्यांना जिन्यापर्यंत किती अंतर चालावे लागेल, जिन्याची रुंदी त्यांच्या संख्येला पुरेशी आहे काय आणि एक मार्ग बंद झाल्यास दुसरा उपलब्ध आहे काय, हे प्रश्न प्रथमच मोजमापाचे विषय झाले. मालाच्या किमतीऐवजी माणसांची संख्या हे गणनेचे एकक बनले. धुराचा वेध घेणारी यंत्रेही पुढे स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर येगर व अर्न्स्ट माइली यांच्या १९३० व १९४० च्या दशकांतील संशोधनातून विकसित झाली. ज्वाळा दिसण्यापूर्वीच इशारा मिळणे म्हणजे बाहेर पडण्यासाठी अधिकची काही मिनिटे मिळणे. नवव्या मजल्याला नेमकी हीच मिनिटे मिळाली नव्हती.

भारतीय कायद्यातील प्रतिबिंब

भारतातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याचा भर बालकामगारांचे तास आणि यंत्रांना कुंपण यांवर होता. भारतीय कारखाना कायद्यांचा ढाचा ब्रिटिश परंपरेतून आला. त्यामुळे त्यांचा ट्रँगल दुर्घटनेशी थेट कार्यकारणसंबंध जोडणे योग्य ठरणार नाही. परंतु स्वातंत्र्यानंतरच्या कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम ३८ चा मूळ मसुदा वाचताना ॲश इमारतीतील प्रत्येक त्रुटीचे उत्तर त्यात सापडते. खोलीत कोणीही असताना दरवाजा आतून सहज व तत्काळ उघडता येणार नाही अशा रीतीने बंद करू नये. सरकते दरवाजे वगळता सर्व दरवाजे बाहेर उघडावेत. सुटकेच्या मार्गांवर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लाल अक्षरांत खूण असावी. प्रत्येक कामगाराला ऐकू जाईल अशी धोक्याची सूचना देण्याची सोय असावी. आणि तळमजल्याच्या वर वीसहून अधिक कामगार असल्यास त्यांना सुटकेच्या मार्गाची माहिती व प्रशिक्षण द्यावे, असे हे कलम सांगत होते.

१९८७ च्या दुरुस्तीने या कलमाची रचना बदलली. आग लागू नये व पसरू नये यासाठी शक्य ते सर्व उपाय, सुटकेचे सुरक्षित मार्ग, विझवण्याची साधने आणि कामगारांचे प्रशिक्षण अशी व्यापक जबाबदारी कायद्यात ठेवून तपशील राज्यांच्या नियमांकडे सोपवला गेला. हा अधिनियम पुढे व्यवसायविषयक सुरक्षितता, आरोग्य व कामाची परिस्थिती यासंबंधीच्या २०२० च्या संहितेत समाविष्ट करण्यात आला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. दरम्यान १९७० मध्ये राष्ट्रीय इमारत संहिता प्रसिद्ध झाली; १९८३, २००५ व २०१६ मध्ये ती सुधारण्यात आली. महाराष्ट्राने महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ संमत केला. या अधिनियमाने अग्निसुरक्षेची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आणि यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करण्याचे बंधन घातले. अधिनियमाच्या शीर्षकातच ‘आग प्रतिबंधक’ याच्या जोडीला ‘जीवसंरक्षक’ हा शब्द आहे, ही बाब लक्षणीय होय.

मुंबईच्या सामूहिक स्मृतीत आगीशी निगडित असलेली तारीख १४ एप्रिल १९४४ ही आहे. व्हिक्टोरिया गोदीतील फोर्ट स्टिकिन या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र होती. आगीनंतर झालेल्या प्रचंड स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ही कृतज्ञता उचितच आहे. मात्र ही स्मृती आग विझवणाऱ्यांची आहे. आत अडकलेल्या कामगारांच्या स्मृतीभोवती जसे न्यूयॉर्कमध्ये कायदे उभे राहिले, तसा सामाजिक दबाव येथे निर्माण झाला नाही. सुरक्षा म्हणजे अग्निशमन दलाची गाडी वेळेवर येणे, अशीच सर्वसामान्य समजूत राहिली.

एकविसाव्या शतकातील पुनरावृत्ती

शंभर वर्षांनंतरच्या दुर्घटनांची यादी पाहता त्यांतील साम्य अस्वस्थ करते. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीच्या बलदिया भागातील तयार कपड्यांच्या कारखान्यात अडीचशेहून अधिक कामगार मरण पावले. काही आठवड्यांपूर्वीच त्या कारखान्याला आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र मिळाले होते. ही आग लावली गेली होती, असा निष्कर्ष न्यायालयाने २०२० मध्ये काढला. तथापि आग कशीही लागली असली तरी बंद दरवाजे व गज बसवलेल्या खिडक्यांमुळे मृतांची संख्या वाढली, हे सत्य उरतेच. २४ नोव्हेंबर २०१२ रोजी ढाक्याजवळील आशुलिया येथील कारखान्यात किमान ११२ जण मृत्युमुखी पडले. तेथे धोक्याची घंटा वाजली होती. पण कामगारांना परत कामाला बसण्यास सांगण्यात आले. यंत्राने आपले काम केले, व्यवस्थापनाने केले नाही. पुढील वर्षी राणा प्लाझा ही इमारत कोसळल्यानंतर बांगलादेशात कंपन्या व कामगार संघटना यांच्यात इमारत व अग्निसुरक्षेचा बंधनकारक करार झाला आणि स्वतंत्र तपासणी सुरू झाली.

भारतातील अनुभव वेगळा नाही. ८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या अनाज मंडी भागातील कारखान्यात ४३ कामगार गुदमरून व होरपळून मरण पावले. १३ मे २०२२ रोजी मुंडका येथील एकाच जिन्याच्या व्यापारी इमारतीत २७ जणांचा बळी गेला. महाराष्ट्रात २१ जून २०१२ रोजी खुद्द मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरून पाच जणांचा मृत्यू झाला. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांच्या आगीत १४ जण गेले. त्यांतील अनेकांनी बाहेर जाण्याचा मार्ग न मिळाल्याने प्रसाधनगृहाचा आश्रय घेतला होता. ७ जून २०२१ रोजी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यातील एका रासायनिक कारखान्यात किमान १७ कामगारांचा अंत झाला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. सचिवालय, उपाहारगृह, लहान कारखाना अशा अगदी वेगवेगळ्या स्वरूपाच्या या कामाच्या जागा आहेत. त्यांपैकी एकाही ठिकाणी अग्निसुरक्षेचे शास्त्र अज्ञात होते असे म्हणता येत नाही.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. कामाच्या इमारतींतील अग्निसुरक्षेचे तंत्र एकोणिसाव्या शतकात प्रामुख्याने मालमत्तेच्या व विम्याच्या प्रेरणेने विकसित झाले. मालकाचा आर्थिक स्वार्थ जेथे धोका घटवण्याशी जोडलेला नव्हता, तेथे हे तंत्र पोहोचले नाही.

२. ट्रँगल दुर्घटना ही तांत्रिक अज्ञानाची नव्हती. साचलेले कातरण, न मिळालेली सूचना, कोरडी नळी आणि कुलूपबंद दरवाजा या चारही गोष्टींवर उपाय ठाऊक होते. कुलूप मालाच्या रक्षणासाठी होते; तेच माणसांच्या मृत्यूचे कारण ठरले.

३. फौजदारी खटल्याने जे साधले नाही ते प्रत्यक्ष पाहणी, साक्षी व कामगार प्रतिनिधींचा सहभाग यांवर आधारलेल्या आयोगाने साधले. कायदा परिणामकारक होण्यासाठी शिक्षेइतकीच तपासणी आवश्यक असते.

४. भारतात व महाराष्ट्रात कायद्याच्या तरतुदींची उणीव नाही. तथापि प्रमाणपत्र सादर होणे आणि दरवाजा उघडा असणे यांतील अंतर तपासणारी सातत्यपूर्ण, स्वतंत्र व कामगारांना सहभागी करून घेणारी यंत्रणा दुबळी आहे.

अग्निशामक नळकांडे, जलफवारे आणि धूरशोधक यंत्रे विकत घेता येतात व त्यांची नोंद साठा नोंदवहीत करता येते. मोकळा जिना मात्र रोज मोकळा ठेवावा लागतो. जुने फर्निचर, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे व नादुरुस्त यंत्रे ठेवण्यासाठी मागील जिना वापरणारे कार्यालय, चोरीच्या भीतीने एकच दार उघडे ठेवणारे ग्रंथालय, किंवा प्रयोगशाळेच्या दुसऱ्या दाराची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नसणारे महाविद्यालय, यांचा १९११ च्या नवव्या मजल्याशी असलेला संबंध दूरचा नाही. तेथेही कुलूप लावणाऱ्याच्या मनात माणसे मारण्याचा विचार नव्हता. केवळ माल सांभाळण्याचा विचार होता. अग्निसुरक्षेच्या इतिहासातून घ्यावयाचा बोध हाच की, प्रत्येक कामाच्या जागी प्रथम पाहण्याची गोष्ट दुसरा दरवाजा ही होय. तो आहे काय, बाहेर उघडतो काय आणि या क्षणी किल्लीशिवाय उघडतो काय, हे तेथे काम करणाऱ्या प्रत्येकाला स्वतः हात लावून पाहता आले पाहिजे.